वापसा येऊ दे, मग बोलू

"दादा, शेतीचे क्लास कुठे चालतात हो इथे?"

चऱ्होलीच्या चौकात स्कूटी थांबवून मी एकाला विचारलं. तो झाडाखाली मोटरसायकलवर बसला होता. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, आणि डोक्यात हेल्मेट. काचसुद्धा खाली. आमच्याकडे चालत्या गाडीवर कोणी हेल्मेट घालत नाही आणि हा उभ्या गाडीवर घालून बसलेला.

"कसलं क्लास?"

"शेतीचे. नव्याने शेती करणाऱ्यांसाठी. दर रविवारी असतात."

"शेतीचं बी क्लास असत्यात व्हय?" हेल्मेटच्या आतून आवाज आला. "इकडं असलं काय न्हाई, मॅडम."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि गावभर भटकले. शेवटी एका किराणावाल्याने रस्ता दाखवला. तीन अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या मागे, अजून मालकाने न विकलेला एक जमिनीचा तुकडा होता. एका संस्थेने तो चालवायला घेतला होता. कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये सतरंज्या, आणि सतरंज्यांवर आमच्यासारखे हौशे. आयटीतलं एक जोडपं, निगडी प्राधिकरणातले दोन रिटायर्ड साहेब, आणखी पाचसहा जण. शिकवायला शालनबाई. साठीच्या पुढच्या, नऊवारीचा ओचा खोचलेल्या, स्वतःचं रान स्वतः कसणाऱ्या.

मी बसते न बसते तोच मागून कोणीतरी वाकून आत आलं आणि शेवटच्या सतरंजीवर बसलं. हेल्मेटसकट.

मी मागे वळले. "इकडं असलं काही नाही म्हणालात ना?"

"हळू बोला," तो पुटपुटला. "मला बी आत्ताच कळलं."

शालनबाईंचं शिकवणं थांबलं. "ए हेल्मेट, काढ ते. हितं काय दगडं पडत न्हाईत." तो ढिम्म. त्या थोड्या पुढे आल्या, त्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अण्णासाहेबाचा नवनाथ ना रं तू? चालीवरनंच वळाकला मी."

सगळ्यांच्या माना वळल्या. हेल्मेट निघालं. केस चप्प बसलेले, कपाळावर घाम, आणि कान असे लाल की विचारू नका. मला हसू आवरेना. पण खरं सांगते, ते कान मला त्याच मिनिटाला आवडले.

मी दीक्षा. राहते काळेवाडीत, नोकरी चाकणला, एका कंपनीच्या क्वालिटीत. मशीनमधून पडलेला पार्ट उचलायचा, गेज लावायचा, ओके किंवा रिजेक्ट. दिवसभर दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हेच माझं काम, आणि घरचे म्हणतात की सुट्टीच्या दिवशीही मी तेच करते. माझ्या हातातून रोज एवढ्या वस्तू जातात, त्यातली एकही मी केलेली नसते. मला एकदा तरी काहीतरी स्वतः करून बघायचं होतं, आणि स्वतःच्या हाताखालच्या मातीत करून बघायचं होतं. पुढेमागे चार-पाच गुंठे खंडाने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, घ्यावेत आणि भाजी लावावी, एवढाच बेत होता. क्लास गणपती उठल्यावर सुरू झाला होता आणि नोव्हेंबरात संपणार होता. शेवटच्या रविवारी प्रत्येक जोडीने आपल्या वाफ्यातलं पीक काढून दाखवायचं.

जोड्या शालनबाईंनीच लावल्या. "ही चष्मेवाली आन ते हेल्मेट," त्या म्हणाल्या, आणि आमच्या वाट्याला कोपऱ्यातला एक वाफा आला.

वाफा तयार करून झाला त्या दुपारी परतीचा पाऊस कोसळला. सगळे शेडमध्ये पळालो. पत्र्यावर असा काही आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, म्हणून तो थोडा जवळ सरकला. मग मीही थोडी सरकले. ऐकू यायला नको का?

"मॅडम, तुमी ह्यात कशाला पडला?"

"आधी ते मॅडम बंद करा. दीक्षा म्हणा."

"मग तुमी बी एक करा..."

"काय?"

"दादा म्हणू नगा." तो समोर पावसाकडे बघत म्हणाला. "जमलं तर."

मी ओढणीचा पिळलेला शेवट पुन्हा एकदा पिळला. "बघू. आधी हे सांगा, हेल्मेट का?"

मग त्याने सांगितलं. तो सातवीत होता तेव्हा घरचं रान गेलं. गेलं म्हणजे चांगला भाव आला म्हणून विकलं. वडिलांनी गाड्या घेतल्या, कंपन्यांना लावल्या, भाड्याच्या खोल्या बांधल्या. नवनाथ आता त्या गाड्या बघतो. घरामागे अकरा गुंठे तेवढे राहिलेत, गवत माजलेले.

"शेतकऱ्याचा पोरगा मी. पर खुरपं कुठल्या हातात धरायचं ते म्हाईत न्हाई. गावात कळलं, ह्यानं शेतीची शिकवणी लावली, तर जत्रंपत्तोर हसत्याल."

"मग घरी वडिलांना विचारायचं."

"कुठल्या तोंडानं? दिवाळी झाली की ते अकरा गुंठे बी चालल्यात. बिल्डरला शब्द दिलाय त्यांनी." त्याने पत्र्याबाहेर पावसात हात धरला. "जायच्या आधी एकडाव त्यात कायतरी उगवून बघायचं हाय मला. बास."

एवढा मोठा माणूस, आणि मागणं असं की कोणी लहान मूल मागेल. मला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली. मी मात्र म्हणाले, "आधी ह्या वाफ्यात उगवून दाखव." 'दाखवा' म्हणायचं राहून गेलं ते कायमचंच.

पाऊस थांबला. शालनबाईंनी जाताना सगळ्यांना बजावलं, "आज कुणी बी टाकायचं न्हाई. वापसा येऊ द्या." बाकीचे शहाण्यासारखे घरी गेले. आम्ही दोघं राहिलो. दोघांनाही दम नाही, हे तेव्हा कळलं. मी पर्समधून स्टीलची पट्टी काढली, ओळीत सारखं अंतर मोजलं, आणि त्याने त्या लगद्यासारख्या चिखलात मेथीचं बी दाबून दाबून बसवलं. गुडघ्यापर्यंत चिखल, नखांत चिखल, त्याच्या नाकावर चिखल.

"नाकाला लागलंय," मी म्हणाले.

"कुठं?"

"अजून वर... नाही, डावीकडे... राहू दे, शोभतंय."

पुढच्या रविवारी बाकीच्यांनी पेरलं. आम्ही हाताची घडी घालून रुबाबात उभे. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचे वाफे हिरवेगार आणि आमचा वाफा घोटून ठेवलेल्या कोब्यासारखा. एक कोंब नाही. वरची माती वाळून टणक झाली होती आणि बी आतच सडलं होतं.

शालनबाई रागावल्या नाहीत. त्यांनी वाफा खणायला लावला, शेजारची ओलसर माती मुठीत घेतली आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"वापसा म्हंजी काय? माती वली पायजे, पर चिकट न्हाई. पाण्याला जागा, वाऱ्याला बी जागा. चिखलात बी गुदमारतंय, कोरड्यात वाळतंय. असं मुठीत धरायचं, दाबायचं, आन कमरंएवढ्या उंचीवरनं सोडायचं." त्यांनी गोळा सोडला. तो जमिनीवर पडून मोकळा झाला. "फुटला की पेर. न्हाई फुटला तर घरी जाऊन झोप. घाई कुणाला हाय? रानाला न्हाई."

दुसऱ्यांदा पेरलं ते वापशावर, तेही त्याने चार वेळा गोळा टाकून बघितल्यावर. मेथी उगवली. पहिली दोन पानं बघून मला इतका आनंद झाला की मी त्याचा दंड धरला, आणि सोडायला जरा उशीर केला.

त्यानंतर 'वापसा' हा आमच्या दोघांचा शब्द झाला. खुरपताना तो मधेच हात थांबवायचा आणि म्हणायचा, "दीक्षा, एक इचारायचं हुतं..."

"गोळा टाकून बघितलास का?"

मग तो खरंच मूठभर माती घ्यायचा, दाबायचा, सोडायचा. "आजून वल हाय," म्हणत पुन्हा खुरपायला लागायचा. मी मान खाली घालून हसायचे. त्याला काय विचारायचंय ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. पण ही थट्टा आम्हाला दोघांनाही संपवायची नव्हती. आठवडाभर शिफ्टमध्ये गेज लावताना मला रविवार दिसायचा. रिजेक्टच्या पेटीत मी एकदा चांगला पार्ट टाकला, एवढं सांगितलं तरी पुरे.

घरी मात्र एक अडचण होती. पप्पा.

माझे पप्पा, भीमराज. तरुणपणी केजकडून पिंपरीत आले, कंपनीत लागले, कामगार म्हणूनच रिटायर झाले, आणि आम्हाला शिकवलं. त्यांचे वडील गावाला सालगडी होते. वर्षभराच्या बोलीवर दुसऱ्याच्या रानात राबायचं, वर्ष सरलं की पुन्हा बोली. मी रविवारी चिखलाचे बूट घेऊन यायचे, आणि पप्पा ते बूट मोरीत घेऊन जायचे आणि ब्रशने घासायचे. शिवणीतला कणसुद्धा ठेवायचे नाहीत.

"पप्पा, राहू द्या. पुढच्या रविवारी पुन्हा भरणारच आहेत."

"माझ्या बापाच्या पायाला जल्मभर लोकाच्या रानातली माती हुती, माय," ते एकदा म्हणाले. "ती झटकून मी हितं आलो. आन तू आपल्या पायानं परत तिकडंच चाललीस." रागावून नाही, समजत नाही म्हणून ते तसं बोलले.

दिवाळी झाली. मेथी वीतभर झाली. पुढच्या दोन रविवारांत क्लास संपणार होता. त्या दिवशी नवनाथने आल्यापासून एकही गोळा टाकून बघितला नव्हता. दुपारी हात धुताना त्याने एकदम विचारलं.

"दीक्षा, तू आमच्या रानात ये. कायमची."

नळ चालू होता. मी तो बंद केला. वर्षानुवर्षं हेच वाक्य कोणीतरी माझ्या आजोबांच्या दारात येऊन म्हणत होतं. आमच्या रानात ये. त्याला ते माहीत नव्हतं, हे मला कळत होतं. तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कशाला? खुरपायला?"

"आगं तसं न्हाई... म्हंजी, मी म्हणतोय की..."

"माझे आजोबा सालगडी होते, नवनाथ. आयुष्यभर लोकांच्या रानात गेले. मला रान हवंय, पण 'आमच्या रानात ये' असं कोणी बोलावलं म्हणून नको. आणि ते रान राहणार तरी आहे का? तुझ्या वडिलांनी शब्द दिलाय. जे तुझंही उरलेलं नाही, त्यात मला बोलावतोस?"

त्याचे कान पहिल्या दिवसासारखे लाल झाले होते, पण या वेळी मला हसू आलं नाही. मी स्कूटीला किल्ली लावली आणि निघाले. मोशीपर्यंत डोळे पुसत गाडी चालवली आणि मग स्वतःवरच चिडले. दोन महिने ज्या प्रश्नाची वाट बघत होते, तो आला आणि मी त्याला रिजेक्टच्या पेटीत टाकून आले.

मंगळवारी चहाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला, तर त्याचा मेसेज होता. 'माझं चुकलं. काय चुकलं ते पण कळलं. कधी बोलू?'

मी तो तीनदा वाचला. काय चुकलं ते पण कळलं, असं म्हणणारे पुरुष मी फार पाहिलेले नाहीत. राग कधीच विरला होता. पण लगेच 'ये' म्हणायला जीभ वळेना... मग आमचाच शब्द आठवला. हाताला तेल लागलेलं, मागे कॉम्प्रेसरचा आवाज. मी फोन तोंडाजवळ धरून बोलून टाकलं, "वापसा येऊ दे, मग बोलू." फोनने ते लिहून घेतलं, मी बटण दाबलं आणि लाइनवर पळाले. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट तपासणाऱ्या मी स्वतःचा मेसेज काही तपासला नाही.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. 'बरं.'

बरं म्हणजे समजला, थांबतो म्हणतोय, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी शिफ्टभर गालातल्या गालात हसत होते.

पुढचा रविवार उजाडला आणि तो आलाच नाही. मी एकटीने वाफ्याला पाणी दिलं. दर वेळी गेटकडे मोटरसायकल वाजली की मान वळायची. निघताना शालनबाई म्हणाल्या, "नवनाथाचं आन त्येच्या बापाचं लई वाजलंय म्हणं घरात. कशापायी ते म्हाईत न्हाई." आपल्यावरून तर नसेल? फोन हातात घेऊन बसले, पण 'वापसा येऊ दे' असं मीच सांगितलेलं. आता मीच घाई कशी करणार? तो आठवडा कसा गेला ते माझं मलाच माहीत. जेवण जाईना. पप्पांनी विचारलं तर म्हटलं, ओव्हरटाइम आहे.

शेवटचा रविवार आला. सगळ्यांचे घरचे आले होते, फोटो चालले होते. मी खाली बसून मेथी उपटत होते, मुळांची माती झटकत होते, आणि डोळ्यांतलं पाणी मातीमुळे आहे असं स्वतःला सांगत होते. तेवढ्यात गेटपाशी मोटरसायकल थांबली.

तो हेल्मेटशिवाय आला होता. भर चौकातून, भर गावातून, खांद्यावर फावडं घेऊन, सगळ्यांना दिसेल असा. वाफ्यापाशी येऊन उभा राहिला. गालावर दाढी वाढलेली, आणि चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा.

"वापस आलं," तो म्हणाला.

"काय?"

"रान."

"कुठून?"

तो गोंधळला. "तूच म्हणलीस की. वापस येऊ दे, मग बोलू." त्याने फोन काढून माझ्यासमोर धरला. पडद्यावर माझाच मेसेज. 'वापस येऊ दे मग बोलू.'

'वापसा'चा काना फोनने खाऊन टाकला होता. आमच्या भागात दिवसभर कंपन्यांत हिंदी बोलून फोनलाही तीच सवय लागली असणार.

"नवनाथ... मी वापसा म्हणाले होते. वापसा येऊ दे. म्हणजे थोडं थांब, मग बोलू. एवढंच."

त्याने मेसेज पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "म्हंजी रानाचं काय न्हवतं?"

"नव्हतं रे."

"आन मी सबंध आठवडा बापाशी भांडलो."

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. तोही हसायला लागला. फावडं टाकून माझ्याशेजारी बसला, आणि मग सगळं सांगितलं. मेसेज वाचून त्याला वाटलं की दीक्षा बरोबर बोलली, जे आपलं नाही त्यात हिला काय बोलवायचं. सरळ अण्णासाहेबांपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, बिल्डरला नाही म्हणून कळवा. अण्णासाहेब कडाडले. शब्द म्हणजे शब्द. पुढे आठवडाभर घरात भांडी आपटली. शेवटी नवनाथने ती गोष्ट सांगितली जी तो गावापासून हेल्मेटमध्ये लपवत होता.

"म्हणलं, अण्णा, मी शेती शिकायला क्लासला जातोय. तुमी शिकवलं न्हाई, म्हणून मला शाळंत नाव घालावं लागलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणले, मला बी कुठं नीट येत हुती, म्हणून तर इकली. सकाळी उठून आपल्या पायानं गेले आन शब्द मागं घेऊन आले."

"आणि माझं सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. तू कोण, कुठली, तुझं आजोबा काय करायचं." तो मातीत रेघ ओढत होता. "म्हणले, रान घ्या वर्षभरासाठी, दोघांच्या नावानं खंडाचा कागद करा. बाकीचं... बघू."

बाकीचं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. ते सोपं नव्हतं. आमच्या घरी नव्हतं, त्यांच्या घरी तर नव्हतंच. पण 'बघू' हा नकार नव्हता, आणि मी गेज लावून लावून एवढं शिकलेय की रिजेक्ट नसेल तर पार्ट पेटीत टाकायचा नाही.

"अजून विचारलं नाहीस," मी म्हणाले.

"आता न्हाई. एकदा हात पोळलाय माझा." तो उठला. "आधी रान भिजवू."

गवत काढायला, नांगरट करून घ्यायला डिसेंबर उजाडला. खंडाच्या कागदावर माझी सही झाली तेव्हा पप्पा समोर होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, माझं नाव बोटाने दाखवून पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "मी येतो बगायला." नवनाथविषयी मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. पण मी त्याचं नाव घेताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की सांगायची गरज उरली नाही.

आम्ही रानात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. दोन दिवसांमागे पाणी सोडून रान भिजवलं होतं. एका बाजूला नवी सोसायटी, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये आमचे अकरा गुंठे काळेभोर. नवनाथ धावत आला आणि पप्पांच्या पायाशी वाकला. पप्पांनी हात जोडले. मग बराच वेळ ते रानाकडे बघत बांधावरच उभे राहिले. पाय आत टाकेनात.

"लेकरा," त्यांनी विचारलं, "हे रान कुणाचं?"

नवनाथने तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो पप्पांकडे.

"आपलं, काका," तो म्हणाला.

पप्पा खाली उतरले. माझ्या जन्मापासून मी त्यांना मातीला हात लावताना पाहिलं नव्हतं. ते वाकले, मूठभर माती घेतली, दाबली, अंगठा फिरवून बघितला, मूठ कमरेपाशी आणली आणि सोडली. कोणी शिकवायची गरज पडली नाही. गोळा पडला आणि मोकळा झाला.

"आलाय वापसा," ते म्हणाले. "पेरा की. काय बगायलात?" मग घसा खाकरून, "मी जरा बांधावरनं एक चक्कर मारून येतो," असं म्हणून ते आमच्याकडे पाठ करून सावकाश चालायला लागले.

नवनाथ तो फुटलेला गोळा बघत होता. "इचारू का आता?"

"विचार."

"मला तू आवडतीस. रान आसू दे, नसू दे. कंपनीच्या गेटावर उभा ऱ्हा म्हणलीस तरी ऱ्हाईन. माझ्यासंगं... आपल्या घरात ऱ्हाशील का? जवा घर व्हईल तवा."

'आपल्या' हा शब्द त्याने इतक्या जपून उच्चारला की माझे डोळे भरून आले. त्याच्या नाकावर पुन्हा माती लागली होती. या वेळी मी ती बोटाने पुसली.

"राहीन," मी म्हणाले. "मलाही तू आवडतोस. हेल्मेटमध्ये होतास तेव्हापासून."

आम्ही पेरायला सुरुवात केली. पप्पा चक्कर मारून आले ते तिसऱ्या ओळीपाशी थांबले आणि म्हणाले, "लेकरा, घोटभर चहा मिळंल का?" नवनाथ घराकडे असा पळाला की चप्पल वाटेतच राहिली.

संध्याकाळी काळेवाडीत घरी आलो. पप्पांचे बूट दारात होते, शिवणीपर्यंत मातीने भरलेले. एवढे दिवस त्यांनी माझे घासले, आज आपण घासावे म्हणून मी ते उचलले आणि मोरीकडे निघाले.

"राहू दे, माय," पप्पा खुर्चीतून म्हणाले. "आपलीच हाय ती."